प्री-वेडिंगचं किट आणि भुताची फिल्म: नाशिकमधल्या एका दिवसाच्या भाड्याच्या सामानाचं परीक्षण

नाशिकमध्ये एका दिवसासाठी कॅमेरा भाड्याने मागितला की समोर साधारण ठरलेली बॅग येते. सोनीची फुल-फ्रेम बॉडी, २४-७०ची लेन्स, जिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र), गोडॉक्सचा साठ वॉटचा लाइट, छोटा रेकॉर्डर, आणि मागितलंच तर फॉग मशीन. हे सगळं सामान लग्नाच्या आणि प्री-वेडिंगच्या धंद्यासाठी जमवलेलं असतं. तिथे चेहरा उजळ, मागचं धूसर आणि कॅमेरा तरंगता हवा असतो. हॉररला बरोब्बर याच्या उलट हवं. बॅगेत प्रकाश वाढवणाऱ्या वस्तू भरपूर, प्रकाश कमी करणारी एकही नाही. उघड्यावरच्या शूटमध्ये विद्यार्थ्यांची गोची इथे होते. स्क्रिप्ट भीतीची असते आणि फुटेज सहलीचं येतं.

म्हणून हे परीक्षण त्याच एका कसोटीवर: आठ-दहा जणांचं युनिट, सकाळ ते रात्र एकच दिवस, शहराबाहेरचा मळा किंवा डोंगरपायथा, दहा-बारा मिनिटांची फिल्म. यात कोणती वस्तू भाड्याला जागते, कोणती नुसती ओझं होते, आणि बॅगेत नसलेलं काय घरून न्यायचं.

कॅमेऱ्याचं आधी उरकू, कारण भाड्याचे निम्मे पैसे लोक तिथे घालतात आणि तेवढी गरज नसते. सोनी ए-सेव्हन-थ्री हा अजूनही सगळ्यात सहज मिळणारा पर्याय. अंधारात तो खरोखर चांगला आहे, दोन कार्डं एकाच वेळी भरता येतात आणि एका बॅटरीवर फोर-केमध्ये साधारण दोन तास चित्रीकरण निघतं. यूएसबी-सीमधून पॉवर बँकवरही चालतो, म्हणजे मळ्यात लाइट गेली तरी कॅमेरा अडत नाही. फ्रेम रेट सेकंदाला २५ आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे वाड्यातल्या ट्यूबखाली किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली चित्र लपलपत नाही. शिवाय २५ला पूर्ण सेन्सर वापरला जातो, ३०ला कडा कापल्या जातात. दुकानातून आलेली बॉडी एनटीएससीवर (३० फ्रेमची पद्धत) असू शकते. ती पालवर (२५ फ्रेमची पद्धत) बदलताना कार्ड फॉरमॅट करायला सांगू शकते, म्हणून हे काम आदल्या रात्री, कार्ड रिकामं असताना करून ठेवा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला तासाला साधारण ४५ जीबी जागा लागते. ६४ जीबीच्या कार्डात जेमतेम सव्वा तास धरायचा, आणि कार्ड यू-थ्री (वेगाने लिहिणाऱ्या) दर्जाचंच हवं.

बजेट कमी असेल तर झेडव्ही-ई-टेन घ्या आणि ते बिनधास्त घ्या. त्याला बॉडीतलं स्टॅबिलायझेशन नाही, बॅटरी लहान आहे, हातात धरून पॅन केलं (कॅमेरा आडवा फिरवला) की उभ्या रेषा तिरक्या होतात. पण तिपाईवर ठेवून स्थिर फ्रेम घेतली तर पडद्यावर फरक शोधावा लागेल. वाचलेले पैसे साउंडला लागतील. हॉररमध्ये ते तिथेच लागायला हवेत.

आता खरा मुद्दा, ऊन. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० असेल तर एक्सपोजर साधारण एफ/२२वर येतं, म्हणजे लेन्सचं तोंड अगदी बारीक. लेन्स एफ/२.८वर उघडायची असेल तर सहा स्टॉप प्रकाश अडवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एनडी ६४, लेन्सवर लावायची काळसर काच. एफ/४वर काम भागत असेल तर पाच स्टॉप, म्हणजे एनडी ३२. बॅगेत हा फिल्टर नसतो आणि बहुतेक जण मागायला विसरतात. मग एफ/२२वर शूट होतं. सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आकाशात काळा ठिपका होऊन दिसतो आणि मागची प्रत्येक फांदी तितकीच लख्ख दिसते. नाहीतर शटर १/२०००वर नेलं जातं आणि चालणारा माणूस झटके खात चालतो. झोंबीच्या एखाद्या शॉटला ते शोभेल, अख्ख्या फिल्मला नाही.

व्हेरिएबल एनडी (फिरवून कमी-जास्त गडद होणारा) मिळाला तर घ्या, पण २४ एमएमवर तो शेवटच्या खुणेपर्यंत फिरवू नका. वाइड लेन्सवर फ्रेममध्ये काळी फुली उमटते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर उन्हात ती दिसत नाही, एडिटला बसल्यावर दिसते आणि तेव्हा ती काढता येत नाही. व्यास लेन्सला जुळतो का, ते दुकानातच लावून बघा. २४-७०च्या वेगवेगळ्या लेन्सना ६७, ७७ आणि ८२ मिलिमीटरचे धागे असतात, आणि चुकीचा फिल्टर घेऊन पंचवीस किलोमीटर गेल्यावर इलाज नसतो.

एस-लॉगबद्दल (फिकं, सपाट चित्र देणारं सोनीचं प्रोफाइल, रंग नंतर एडिटला द्यायचे) एक आग्रहाचं सांगणं. ए-सेव्हन-थ्रीवर एस-लॉग-थ्री लावलं की आयएसओ किमान ८०० होतो. म्हणजे उन्हात आणखी तीन स्टॉप अडवायचे, एकूण नऊ. त्यात फाइल आठ बिटची, म्हणजे छटा कमी. दिवसाची रात्र करताना (उजेडात शूट करून रात्र भासवताना) ती फाइल ताणली की संध्याकाळच्या आकाशात पायऱ्यांसारखे पट्टे पडतात. साधं प्रोफाइल घ्या, कॉन्ट्रास्ट थोडा कमी करा आणि एक्सपोजर जागेवरच ठरवा. लॉगमध्ये शूट केलं म्हणून फिल्म गंभीर होत नाही.

दिवसाची रात्र करायला हे किट जमतं का? जमतं, पण अटी आहेत. सूर्य पात्राच्या मागे किंवा मागून बाजूला हवा, म्हणजे केसांना आणि खांद्यांना कड मिळते आणि चेहरा सावलीत राहतो. आकाश फ्रेममध्ये जवळजवळ नकोच. कॅमेरा थोडा वर नेऊन खाली बघा, किंवा मागे विहिरीचा काठ, गोठ्याची भिंत, चिंचेचा गर्द पाला ठेवा. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनवर टाका, ऊन निळं होतं. मग दीड ते दोन स्टॉप खाली या. त्याहून खाली गेलात तर सावल्यांत नुसता कचरा उरतो. आणि हे पडद्याकडे बघून ठरवू नका. उन्हात उभं राहिल्यावर डोळ्याला पडदा काळाच दिसतो, म्हणून माणूस एक्सपोजर वाढवतो आणि रात्र पुन्हा दुपार होते. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा आणि उजवा भाग रिकामा आहे ना ते पाहा. नाशिककडे यासाठी चांगली वेळ हिवाळ्यात साडेआठ ते साडेदहा. सूर्य तिरपा असतो आणि सावल्या लांब. भर दुपारी सूर्य वर चढतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाचा शेंडा चमकतो. भीतीऐवजी थकवा दिसतो.

या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वस्तू कुठल्याच दुकानाच्या यादीत नसते: काळं कापड. जाड, न चमकणारं सुती कापड, दोन बाय तीन मीटरचे दोन तुकडे, वरच्या कडेला शिवून घेतलेली नळी म्हणजे बांबू घालता येतो. पात्राच्या चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर, फ्रेमच्या अगदी बाहेर, ज्या बाजूने आभाळाचा उजेड येतो त्या बाजूला ते उभं करा. दुसरं डोक्यावर धरा. चेहऱ्याची एक बाजू एकदम बुडते. हा बदल इतका मोठा असतो की साठ वॉटचा लाइट उन्हात असून नसल्यासारखा आहे हे तिथेच पटतं. सॅटीन किंवा टेरिकॉट घेऊ नका, ते चमकतं आणि डोळ्यात पांढरी रेघ पाडतं. वाऱ्याला बांबू दोन माणसांनी धरायचा. स्टँडला बांधून सोडलं तर कापडाचं शीड होतं आणि स्टँडसकट आडवं होतं.

गोडॉक्स एसएल-६०डब्ल्यूचं म्हणूनच दुहेरी मत आहे. तो एक मीटरवर काही हजार लक्स (उजेडाचं माप) देतो, आणि उघड्या उन्हाचा आकडा लाखाच्या घरात असतो. तीन मीटरवर नेला की त्याचा उजेड नववा हिस्सा उरतो. दुपारी तो बॅगेतच राहू द्या. सूर्य मावळल्यावर मात्र याच्याइतकं पैशाला पुरणारं दुसरं काही नाही. झाडामागे, जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर, पात्राच्या मागून. लाइट ५६०० केल्व्हिनचा आहे, कॅमेरा ३८०० ते ४३००च्या दरम्यान ठेवला की चांदणं तयार होतं, जेलची (लाइटवर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाची) गरज पडत नाही. समोरून मारू नका, समोरून मारलेला उजेड लग्नाच्या स्टेजवरचा दिसतो. त्याचा पंखा ऐकू येतो, म्हणून कुजबुजीच्या शॉटला माइकपासून जमेल तितका दूर न्या. आणि तो फक्त प्लगवर चालतो, बॅटरीवर नाही. इथून विजेचा प्रश्न सुरू होतो.

मळ्यात वीज आहे असं मालकाने सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारा: कोणती? शेतीपंपाची थ्री-फेज लाइन दिवसभर नसते, ती पाळीने येते आणि कधी कधी रात्रीच येते. घराची सिंगल फेज वेगळी. त्या घरापासून सेटपर्यंत पन्नास मीटर वायर ओढायची असेल तर लाइटिंगची पातळ वायर वापरू नका. एक चौरस मिलिमीटरच्या वायरवर दीड हजार वॉटचं फॉग मशीन लावलं तर नुसत्या वायरीतच बारा-एक व्होल्ट जातात आणि वायर तापते. अडीच चौरस मिलिमीटरची घ्या, आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर मधूनच वितळते. ओल्या गवतावर जोड उघडा ठेवू नका, विटेवर उचलून ठेवा. मंडपवाल्याकडून जनरेटर घेणार असाल तर तो किमान पन्नास मीटर दूर आणि भिंतीआड हवा, नाहीतर संवादाच्या प्रत्येक टेकखाली त्याची घरघर येईल. एक केव्हीएचा छोटा जनरेटर नऊशे वॉटचं फॉग मशीन आणि लाइट एकदम ओढत नाही. मशीन तापत असताना तो बसतो.

फॉग मशीनवर जरा थांबतो, कारण हॉरर म्हटलं की पहिली मागणी त्याची असते आणि पहिली निराशाही त्याचीच. डीजेवाल्यांकडे मिळतं ते साधारण नऊशे ते दीड हजार वॉटचं. आत हीटर, त्यावर ग्लायकॉल-पाण्याचं द्रावण, पंप. सुरू केल्यावर तीन ते पाच मिनिटं तापायला लागतात, मग जोरात सोडतं, मग पुन्हा तापायला थांबतं. ‘ॲक्शन’ म्हटल्यावर ते तयार असेलच असं नाही, म्हणून एक माणूस फक्त त्याच्या दिव्याकडे लक्ष ठेवायला हवा. बंद हॉलमध्ये हा धूर टिकतो. उघड्यावर नुसती झुळूक आली की तो डाव्या कोपऱ्यातून निघून जातो आणि फ्रेममध्ये उरतो तो स्टँड.

यावर उपाय आहे आणि शेतकऱ्याकडे सामानही असतं. पॉलिथिनची लांब, चपटी नळी घ्या, पंधरा-वीस मीटर. तिला दर फुटावर बोटाएवढी भोकं पाडा, दुसरं टोक बांधा, आणि गवताच्या कडेने वाऱ्याच्या बाजूला अंथरा. उघड्या तोंडाशी टेबल फॅन लावा आणि फॉग मशीन फॅनच्या मागे फूट-दीड फूट अंतरावर. मशीनचं नाक थेट नळीत खुपसू नका, ते इतकं तापतं की प्लॅस्टिक वितळतं, आणि गरम धूर वरच चढतो. अंतर ठेवलं की फॅन बाहेरची गार हवाही आत ओढतो, धूर थंड होतो आणि जमिनीलगत पसरतो. भोकांची बाजू खाली करा. पात्राच्या मागे प्रकाश असेल तरच हा धूर दिसतो, समोरून उजेड आला की तो नुसता धूसरपणा होतो. ऑटोफोकस बंद करा. धुरात तो पुढे-मागे शोधत बसतो आणि सगळ्यात चांगला टेक वाया घालवतो.

वेळ पहाटेची ठेवा. हिवाळ्यात नाशिकला सूर्य सातच्या आसपास उगवतो, हवा स्थिर असते, गार हवा खाली बसते आणि सोडलेला धूर गुडघ्याच्या वर येत नाही. गंगापूर धरणाच्या पाणलोटाकडे किंवा गिरणाऱ्याच्या बाजूला त्या दिवसांत खरं धुकंही सापडतं. साडेआठनंतर जमीन तापते आणि खेळ संपतो. मशीन सव्वासहाला तापत ठेवायचं असेल तर युनिट पाचला निघायला हवं.

पालिकेच्या डासांच्या धुरळणीचं यंत्र कोणी आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्यात डिझेल आणि कीटकनाशक असतं. प्री-वेडिंगवाले वापरतात ते रंगीत स्मोक बॉम्बही नकोत. जानेवारीपासून पावसापर्यंत अंजनेरी, रामशेज, म्हसरूळच्या डोंगरांवर गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो. गोवऱ्यांच्या धुराचंही तेच. आणि धूर कुठलाही असो, सोडण्याआधी वर बघा. कड्यांच्या कपारींत आणि मोठ्या झाडांवर आग्यामोहोळ असतं. धूर आणि उग्र परफ्यूम दोन्हींनी माश्या उठतात. पोळं दिसलं तर जागा बदलायची, यावर चर्चा नको. द्राक्षबागेत तोडणीच्या दिवसांत धूर आणि गर्दी दोन्ही मालकाला नको असतं, आणि फवारणी झालेल्या ओळींत अनवाणी भूत फिरवायचं नसतं.

रक्त मात्र घरीच बनवा, विकतच्या बाटलीपेक्षा चांगलं होतं. केकचं सामान विकणाऱ्या दुकानातून पाव किलो लिक्विड ग्लुकोज घ्या. साठ मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा खायचा लाल रंग विरघळवा, चाकूच्या टोकावर बसेल एवढा निळा घाला, मग ग्लुकोजमध्ये ढवळा. शेवटी एक चमचा कोको पावडर चाळून, म्हणजे ते पारदर्शक राहत नाही. कपड्यांवर सांडणार असेल तर भांड्यांच्या लिक्विड साबणाचे काही थेंब घाला, धुताना डाग सुटायला मदत होते. पण ज्या रक्ताचा तोंडाशी संबंध येणार त्यात साबण नाही, ते वेगळ्या बाटलीत. बीट वापरू नका, कॅमेऱ्यावर ते गुलाबी सरबत दिसतं. ३२०० केल्व्हिनवर दिवसाची रात्र करत असाल तर हेच रक्त काळं पडतं, तेव्हा कोको निम्मा करा आणि रंग उजळ ठेवा. आदल्या दिवशी प्रत्यक्ष सेटिंगवर चाचणी घ्या. त्यात साखर आहे, म्हणून पाच-दहा मिनिटांत मुंग्या येतात आणि मागोमाग माश्या. जमिनीवर पडून राहायचं पात्र असेल तर रक्त शेवटच्या क्षणी ओता, आणि ओला नॅपकिन हाताशी ठेवा. लेटेक्सची जखम लावणार असाल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा, काहींना त्याची ॲलर्जी असते. पांढऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स उघड्यावर, धुळीत, नकोतच.

साउंड. कुठे पैसे टाकावेत असं कोणी विचारलं तर उत्तर हेच. चांगला आवाज आणि साधं चित्र असलेली भुताची फिल्म घाबरवते, उलटं कधीच होत नाही. झूम एच-वन-एन सगळीकडे मिळतो, दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो आणि शांत जागी काम करतो. पण हॉररमध्ये एकाच टेकमध्ये कुजबूज आणि किंकाळी दोन्ही येतात. एच-वन-एनवर लेव्हल कुजबुजीला लावली की किंकाळी फाटते, आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. त्याच कंपनीचा नवा एच-वन-इसेन्शियल किंवा एफ-थ्री मिळाला तर तो घ्या. दोन्ही ३२-बिट फ्लोटवर रेकॉर्ड करतात, लेव्हलची चिंता जवळजवळ उरत नाही. एफ-थ्रीला एक्सएलआर (तीन पिनांच्या जोडणीचा) माइक लागतो, तो आणि बूमचा दांडा वेगळा मागावा लागेल. जुनाच रेकॉर्डर असेल तर संवाद उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि किंकाळी वेगळी, माइक दोन मीटर लांब नेऊन घ्या.

वायरलेस कॉलर माइक, उदाहरणार्थ रोडचा वायरलेस-गो-टू, पळण्याच्या दृश्यांना बरा. ट्रान्समीटरच्या आतच रेकॉर्डिंग होतं, म्हणून सिग्नल तुटला तरी आवाज वाचतो, पण ती सोय आधी ॲपमधून चालू करावी लागते. जरीच्या किंवा नायलॉनच्या साडीवर तो घासून घासून नको करतो. सुती पदराच्या आत, मेडिकल टेपची त्रिकोणी घडी करून चिकटवा. आणि माइक कोणताही असो, केसाळ कव्हर मागून घ्या. सोबत येणारा स्पंज पंख्याच्या वाऱ्याला पुरतो, धरणाच्या काठावरच्या वाऱ्याला नाही. प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांना गप्प करून एक मिनिट नुसता तिथला आवाज घ्या. एडिटमध्ये संवादांमधले खड्डे त्यानेच बुजतात, आणि रातकिड्यांचा खरा आवाज इंटरनेटवरून उतरवलेल्यापेक्षा फार वेगळा असतो. देवळाली बाजूला तोफखान्याचा सराव असेल तर लांबवर धमाके ऐकू येतात, गावातल्या देवळाचा भोंगा साडेसहाला लागतो. जागा बघायला जाताना ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जा.

जिंबलबद्दल थोडक्यात. डीजेआयचं आरएस-थ्री चांगलं यंत्र आहे, तीन किलो पेलतं, ॲक्सिस आपोआप लॉक होतात. पण लेन्स बदलली की पुन्हा बॅलन्स, आणि विद्यार्थ्यांच्या हातात त्याला वीस मिनिटं लागतात. एका लांब, हळू पुढे सरकणाऱ्या शॉटसाठी अख्ख्या दिवसाचं भाडं भरायचं का, ते ठरवा. त्याऐवजी चांगल्या फ्लुइड हेडची (न अडकता सलग फिरणाऱ्या डोक्याची) तिपाई मागा. बॅगेतली तिपाई फोटोची असते, पॅन करताना अडकते. तिपाईच्या स्थिर फ्रेममध्ये मागे काहीतरी हललं तर प्रेक्षक बघतो. तरंगत्या फ्रेममध्ये सगळंच हलत असतं.

संध्याकाळ कशी वापरायची याचं गणित या किटच्या मर्यादेशी बांधलेलं आहे. नाशिक वीस अंश अक्षांशावर आहे, इथे सूर्य सरळ खाली उतरतो. मावळल्यापासून उपयोगी निळा उजेड जेमतेम बावीस-चोवीस मिनिटं मिळतो. परदेशी व्हिडिओंमध्ये तासभर चालणारी संध्याकाळ बघून वेळापत्रक आखू नका. या काळात उजेड साधारण सात स्टॉपनी पडतो, म्हणजे दर तीन-साडेतीन मिनिटांना एक स्टॉप. पहिल्या टेकला आणि चौथ्या टेकला एकच सेटिंग चालत नाही. म्हणून त्या वेळेत दोनच शॉट ठेवा: एक वाइड, ज्यात वाडा किंवा झाड आभाळासमोर दिसतं, आणि एक मधला. एनडी आधीच काढलेला, लाइट झाडामागे लागलेला, पात्र मेकअपसह जागेवर, तालीम उजेडात झालेली. क्लोजअप नंतर काळोखात साठ वॉटवर घेता येतात, ते कुठेही पळत नाहीत. डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, हे कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) ठरवतानाच लिहून ठेवा.

जागेबद्दल. पांडवलेणीचा मोह सगळ्यांना होतो. पायथ्याशी फाळके स्मारक असल्यामुळे तर जास्तच. पण ती पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित वास्तू आहे, चित्रीकरणाला लेखी परवानगी लागते, आणि सूर्यास्तानंतर तिथे थांबता येत नाही. रात्रीच्या फिल्मला तिचा उपयोग नाही. अंजनेरीचं जंगल राखीव आहे, तिथे वन विभागाची परवानगी हवी. धरणाच्या भिंतीजवळ कॅमेरा काढू नका. ड्रोनचा विचार सोडूनच द्या: देवळालीचं लष्करी क्षेत्र, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, ओझरचा विमानतळ, आणि हॉररला वरून दिसणाऱ्या हिरव्या शेताची गरजही नसते. खासगी मळा सगळ्यात बरा. मालकाची लेखी संमती, पोलीस पाटलांना आणि जवळच्या ठाण्याला आधी कळवलेलं पत्र, त्यात किंकाळ्या आणि नकली शस्त्रं असतील हे स्पष्ट. पांढऱ्या साडीतलं पात्र रस्त्याच्या कडेला उभं करू नका, दुचाकीवाला दचकून पडेल.

मखमलाबाद, गिरणारे, निफाडकडे उसाच्या शेतालगत संध्याकाळनंतर शूट असेल तर बिबट्या लक्षात ठेवा. तो लहान मुलांवर आणि वाकून, बसून काम करणाऱ्यांवर येतो, आणि भुताचं पात्र नेमकं वाकून, उसाच्या कडेला, एकटं बसवलेलं असतं. पात्राच्या मागे टॉर्च घेतलेली दोन माणसं फ्रेमबाहेर हवीत, आणि एकट्याने आडोशाला जायचं नाही. उसाऐवजी भिंत पाठीशी असलेली जागा मिळाली तर तीच घ्या. जुनी विहीर फ्रेममध्ये हवी असेल तर कठड्यापासून पात्र सहा फूट लांब ठेवा. लांब लेन्सने ते काठावरच दिसतं.

लिंबू, हळद-कुंकू, टाचण्या टोचलेली काळी बाहुली असलं सामान वापरलं तर एकूण एक उचलून आणा. विसरलेली बाहुली सकाळी बांधावर सापडली की गावात खरंच भीती पसरते, कुणावर तरी आळ येतो, आणि पुढच्या युनिटला तो मळा मिळत नाही. प्रॉपच्या डब्यावर नग लिहा आणि निघताना मोजा.

सामान परत करताना फॉग मशीनची टाकी रिकामी करून, गार झाल्यावरच गाडीत टाका, नाहीतर द्रावण लाइटच्या केसमध्ये सांडतं. लेन्सच्या फिल्टरच्या धाग्यांना ग्लुकोजचे हात लागलेले नाहीत ना ते उजेडात बघा, वाळल्यावर फिल्टर निघत नाही. घेतानाच प्रत्येक वस्तूचा, लेन्सच्या काचेसकट, दुकानदारासमोर मोबाइलवर व्हिडिओ काढलेला असेल तर अनामतीवरून वाद होत नाही. आणि कार्डं दुकानाची असतील तर ती परत देण्याआधी दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करून प्रत्येक क्लिप उघडून बघा.